पाच होड्यांचा कौल

१२ मे ९६, रवि. रोहा.

हो म्हणून बसले.

सकाळच्या गाडीने पेणहून अण्णा आले होते, पूरमदत मंडळाचे. तिसरीत त्यांनी मला पाढे शिकवले, त्यामुळे त्यांच्यासमोर 'नाही' हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. मंडळाला यंदा पावसाळाभरासाठी पाच होड्या मिळाल्यात, वल्ह्याच्या. खाडीकाठच्या गावांचे पाच गट करायचे, गटातल्या एका गावी होडी उभी करायची, भरतीला बांध फुटला की त्या होडीने आपल्या गटातली माणसं बाहेर काढायची. ऐकायला साधं. पण होडी कुणाच्या गावी उभी राहणार, यावरून गेल्या साली सभेत खुर्च्या उडाल्या होत्या.

अण्णा म्हणाले, "तुझं ते एम.फिल. गट पाडण्याचंच हाय ना? मग कॉम्प्युटरला विचार. मशीन बोललं की कोण भांडायचं नाय."

ही बातमी दादाने पोचवली असणार. बहीण कॉम्प्युटरवर काहीतरी करते, हे तो एस.टी.च्या कंडक्टरलाही सांगतो.

त्या गावांत ताडखार आहे. माझं माहेर. आई, दादा, वहिनी, दोन भाचरं. अण्णांना त्यात काही वावगं दिसत नाही, उलट "तुला गावं ठाऊक हायत" म्हणाले. मला मात्र तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

१६ मे, गुरु.

मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी. कॉम्प्युटर रूमची किल्ली माझ्याकडे. दिवसभर तिथेच.

साधी रीत लावून पाहिली. गट पाड, प्रत्येक गटाचा मध्य धर, पुन्हा पाड. जिथून सुरू करावं तिथल्याच खड्ड्यात जाऊन बसते आणि मग हलत नाही. शेजारी याहून खोल, म्हणजे याहून चांगल्या उत्तराचा खड्डा असेल, पण तिथे जायला आधी थोडं वर चढावं लागतं आणि ती चढत नाही.

म्हणून ॲनिलिंग. एम.फिल.च्या माझ्या सरांनी मुंबईहून दिलेल्या झेरॉक्सप्रमाणे. सुरुवातीला प्रोग्रॅमला वेडंवाकडंही वागू द्यायचं. एक गाव या गटातून उचल, त्या गटात टाक, वाईट झालं तरी चालेल. मग 'तापमान' हळूहळू उतरवत न्यायचं. शेवटी शेवटी फक्त चांगलीच पावलं. उतरवण्यात घाई केली तर वाईट उत्तरातच गोठून बसतं. बाबा सांगायचे, मिठागरातलं पाणी सावकाश आटलं तर दाणा मोठा येतो. सरांना हे उदाहरण आवडलं होतं. प्रबंधात घालू नका म्हणाले.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे, तिच्याकडे बघायचं मी टाळते. कोणतं गाव उचलायचं, ते मशीन आतल्या आत फासे टाकून ठरवतं. सुरुवातीचा आकडा बदला, फासे बदलतात. प्रबंधात त्याचं काही वाटत नाही, तिथे फुलांच्या पाकळ्यांची लांबी-रुंदी असते. फूल चुकीच्या गटात गेलं तर कुणाचं काय जातं?

२५ मे, शनि.

अण्णांबरोबर गावं फिरून झाली. पाय चिखलात, डोकं उन्हात. प्रत्येक गावी एकच प्रश्न: इथून अमुक गावी होडीने जायला किती वेळ? लोक पटकन सांगतात, विचार करावा लागत नाही. पिरखारला हिराबाय म्हणून आजी आहे, साऱ्या गावाची आजी. ती म्हणाली, "तुझ्या ताडखारात? पान खाऊन तोंड लाल होतंय तोवर."

अण्णांनी ते मिनिटांत लिहून घेतलं.

ताडखारचे आकडे मी कुणाला विचारले नाहीत. लहानपणापासून त्या खाडीतून गेलेय, मलाच माहीत. घरी बसून भरले.

२ जून, रवि. ताडखार.

आईचा गुडघा पुन्हा सुजलाय. उठताना दाराची चौकट धरते. मी म्हटलं, पावसाळ्यापुरती रोह्याला चल. "तुझ्या त्या दोन खोल्यांत? तिथं मला दिस कसा जायचा गो?" विषय संपला.

जेवताना दादा म्हणाला, बाहेरकाठ्याला खाडीच्या मुखाकडच्या बाजूने मऊ झालंय, गावाने माती टाकली पण उधाणाला टिकेल असं वाटत नाही. हे त्याने मीठ वाढ म्हणावं तशा आवाजात सांगितलं. आमच्या गावात बांधाबद्दल असंच बोलतात. मी मात्र ताटावरून उठले.

बाहेरकाठा म्हणजे आमच्या आणि समुद्राच्या मधली मातीची भिंत. लहानपणी तिच्यावरून शाळेत जायचो. एका बाजूला पाणी डोक्याच्या उंचीवर, दुसऱ्या बाजूला खाली घरं. तेव्हा भीती वाटायची नाही. कशी काय वाटायची नाही?

९ जून, रवि. रोहा.

आठवडाभर प्रोग्रॅम चालवतेय. गावातली माणसं गुणिले होडीला लागणारी मिनिटं, सगळ्या गावांची बेरीज, ती कमीत कमी करायची. दर खेपेला सुरुवातीचा आकडा वेगळा, दर खेपेला उत्तर थोडं वेगळं. सगळ्यांत कमी बेरजेचं उत्तर ठेवलं. त्यात आमच्या बाजूची होडी पिरखारला. ताडखार तिच्या गटात.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. होडी ताडखारला आली असती तर कुणाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

नवऱ्याला, अरुणला दाखवलं. तो दुसऱ्या शिफ्टला निघाला होता, डबा हातात. म्हणाला, "आणि याहून चांगलं उत्तर नाहीच, हे कशावरून?" मी म्हटलं, तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. इतकी गावं आणि पाच गट म्हटलं की सगळ्या शक्यता तपासायला आपला जन्म पुरणार नाही. शोधायचं आणि कुठेतरी थांबायचं.

"हे अण्णांना सांगितलंस?"

नाही सांगितलं.

१६ जून, रवि.

पेणला सभा. सगळ्या गावांची माणसं. अण्णांनी गट वाचून दाखवले. कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, त्याची तयारी करून गेले होते. ही शांतता मात्र अंगावर आली.

मागून कुणीतरी म्हणालं, "कौल लागला, संपलं." माना डोलल्या. गावदेवीला कौल लावतात ना, देवीच्या अंगावर फूल ठेवून, उजवीकडे पडलं की हो आणि डावीकडे पडलं की नाही. तसंच. मग अण्णाही हसत म्हणाले, "हा तर मशीनचा कौल, त्यात भटजीचा पण हात नाय."

माझा हात आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आत फासे आहेत, आकडे तुम्ही दिलेत, कुठे थांबायचं ते मी ठरवलंय. मंडळाने सत्काराचा म्हणून दिलेला नारळ हातात घेऊन उभी राहिले.

१४ जुलै, रवि. ताडखार.



उद्या अमावास्या, उधाण जवळ, म्हणून मंडळाने आज होड्यांची तालीम ठेवली. ठरलेल्या वेळी प्रत्येक होडी निघणार आणि आपल्या गटातल्या गावांना हात लावून परत येणार. आम्ही सगळे ताडखारच्या धक्क्यावर उभे. भरती जोरात आत शिरत होती. पिरखारची होडी येईना. पान खाऊन तोंड लाल व्हायचं तर सोडाच, आख्खी सकाळ गेली.

भरती थांबली, पाणी फिरलं, ओहोटी लागली, मग पंधरा-वीस मिनिटांत होडी हजर. होडीवाले आरामात. मी विचारलं, उशीर का? त्यांना प्रश्नच कळला नाही. एकजण म्हणाला, "पाणी आत येत व्हतं ना ताई. फिरल्यावर निघालो."

धक्क्यावर कुणालाच नवल वाटलं नाही. दादालाही नाही. अण्णांनी वहीत 'तालीम ठीक' लिहिलं.

आमच्याकडे पाण्याविरुद्ध कुणी जातच नाही. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर बाहेर यायचं, मधे बसून राहायचं. कुणाला विचारलं 'किती वेळ' की तो पाण्याबरोबरचा वेळ सांगतो. दुसरा वेळ असतो हे त्याच्या डोक्यातच नसतं. माझ्याही नव्हतं. मी शिकलेली, बेरजा करणारी. तिथून इथे आणि इथून तिथे, दोन्हीकडे एकच आकडा भरून मोकळी झाले.

पिरखार खाडीत आत. ताडखार मुखाशी. बांध फुटतो तो भरतीला, पाणी आत येत असताना. तेव्हा पिरखारची होडी ताडखारला येऊच शकत नाही. ताडखारची होडी पिरखारला चटकन पोचेल.

आई म्हणाली, तोंड का उतरलंय गो? मी म्हटलं ऊन लागलं.

१७ जुलै, बुध. रोहा.

अमावास्येचं उधाण गेलं. बांध टिकला. दोन दिवस शेजारच्या पाटीलवहिनींच्या फोनकडे कान लावून होते. आमचा पी.पी. नंबर त्यांच्याकडचा.

आज प्रत्येक दोन गावांना दोन आकडे दिले. भरतीबरोबरचा आणि भरतीविरुद्धचा. पण विरुद्धचा कुठून आणायचा? दादाला फोनवर विचारलं तर तो हसला. "कशाला जायचं पण?" कोणी कधी गेलंच नाही तर सांगणार कोण?

म्हणून अंदाज. दुप्पट धरून चालवला, तिप्पट, चौपट. तापमान अगदी सावकाश उतरवलं, सकाळी लावला तो प्रोग्रॅम संध्याकाळी थांबला. तिन्ही वेळा होडी ताडखारला.

आता ही खरी भीती. अंदाज माझा, फासे माझे, थांबायची जागा मी ठरवलेली, आणि होडी जाते कुठे तर माझ्या आईच्या दारात. मला माझ्याच उत्तराचा भरवसा वाटत नाही. मला हे उत्तर हवं होतं म्हणून आलं का? पण मी काही ढकललं नाही. ढकललं नाही ना?

१९ जुलै, शुक्र.

कॉलेज बुडवून पेणला. अण्णांना सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. चूक लगेच कळली त्यांना, स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मी पण लिहून घेतलं की गो, पान नि तोंड."

मग म्हणाले, "पण होडी आता ताडखारला नेली तर लोक काय बोलतील, तुला सांगायला नको."

नको.

त्यांनी तोड काढली. रविवारी सगळ्या गावांतून एकेक माणूस रोह्याला आणतो, त्यांच्यासमोर मशीन चालव. विरुद्धचा आकडा तेच ठरवतील. सुरुवातीचा तो कसला आकडा, तोही तेच देतील. मग कुणाचा संशय नाय.

मला बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणीतरी ओझ्याला हात लावला.

२१ जुलै, रवि.

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

गाडीने आले सगळे. कॉम्प्युटर रूममध्ये चपला दाराबाहेर, देवळासारख्या. दादा ताडखारकडून. पिरखारने हिराबायला पाठवलं, नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी सुके बोंबील.

भरतीविरुद्ध किती पट? पिरखारवाले म्हणाले दुप्पट. ताडखारवाले, म्हणजे दादा, म्हणाला चौपट. बाजारात घासाघीस करावी तसं झालं आणि तिप्पटवर मिटलं. कुणीच कधी गेलेलं नाही, पण आकडा ठरला. सुरुवातीचा आकडा हिराबायने दिला, धाकट्या नातवाचं वय.

प्रोग्रॅम सुरू केला. लोक पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर काही दिसत नव्हतं, नुसती बेरीज वर-खाली. अर्धा तास झाला, तास झाला. अण्णा घड्याळ बघायला लागले. परतीची गाडी तिनाची, तिच्यानंतर थेट रात्री. एकजण म्हणाला, बाई, बंद पडलं काय? शिवाय वीज जायची भीती, रविवारी हमखास जाते. गेली तर सगळं मुळापासून.

मी थांबवलं. एका ओळीत बदल करून तापमान भराभर उतरेल असं केलं आणि पुन्हा लावलं. दहा मिनिटांत उत्तर.

पिरखार.

माझ्या पर्समध्ये बुधवारचा कागद घडी करून ठेवलेला. ताडखारवाला, तिप्पटचाच. त्याची बेरीज याच्याहून कमी. थोडीशीच, पण कमी. घाई केली म्हणून हे वरच्याच खड्ड्यात गोठलं, हे मला पडद्याकडे बघताच कळलं. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "हाच शेवटचा ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हिराबाय बघत होती. दादा बघत होता. कागद काढला असता तर तो माहेरचा कागद होता, घरून करून आणलेला.

मी म्हटलं, हो.

जिन्यात दादाने खांद्यावर थोपटलं. "बरं झालं. आता कोण बोलेल मंदीनं होडी माहेरी नेली?" खुशीत होता. सगळ्यांना घेऊन गाडी गाठायला पळाला.

२२ जुलै, सोम.

लेक्चर झाल्यावर पुन्हा लावला. लोकांचाच तिप्पट, हिराबायचाच आकडा. फक्त घाई नाही. संध्याकाळी उत्तर आलं, ताडखार.

म्हणजे काल लोक आणखी थोडे तास बसते तर. किंवा मी बसवलं असतं तर.

अरुणला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग अण्णांना सांग." एवढं सोपं असतं त्याच्याकडे सगळं. कंपनीत व्हॉल्व्ह गळला की सुपरवायझरला सांगायचं, झालं.

२४ जुलै, बुध.

एस.टी.डी. बूथवरून अण्णांना फोन केला. सांगितलं, की रविवारचं उत्तर सगळ्यांत चांगलं नव्हतं, सावकाश चालवलं तर दुसरं येतं.

"किती फरक?"

"तसा थोडाच."

"थोड्यासाठी पुन्हा सगळ्यांना आणू? अगो, दोनदा कौल लावला. तिसऱ्यांदा लावला तर लोक म्हणतील मशीनपण आपल्यासारखंच हाय. मग होड्यांवर परत मारामाऱ्या. नि भर पावसात."

खरं होतं त्यांचं. पण ती बेरीज आहे. सगळ्या गावांच्या मिनिटांत तो फरक थोडाच दिसतो. गाववार बघितलं तर तो सगळाच्या सगळा एकाच गावाच्या वाट्याला आलाय. बाकीच्यांना काही फरक पडत नाही, ताडखारला मात्र पाणी फिरेपर्यंत थांबायचं आहे. हे अण्णांना सांगायचं राहून गेलं.

राहून नाही गेलं. तोंडावर आलं होतं. त्या गावाचं नाव घ्यायला जीभ उचलली नाही. बूथवाला मीटरकडे बघत होता, मी फोन ठेवला.

२७ जुलै, शनि.

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. मंगळवारी पौर्णिमा, त्यामागून उधाण, अमावास्येच्यापेक्षा मोठं. वर्गात सरासरी शिकवताना मधेच थांबले. मुलांना वाटलं मला बरं नाही. एक मुलगी पाणी घेऊन आली.

दादाला निरोप दिला, आईला घेऊन ये, माझी शपथ घाल. उलट निरोप आला: आई नाय म्हणते.

सरांचं पोस्टकार्ड. प्रकरण तिसरं छान, तापमान उतरवण्याचा वेग आणि उत्तराची प्रत यावर एक तक्ता घाला. ते कार्ड मला नीट वाचवेना. उलटं करून फ्रिजवर ठेवलं.

३० जुलै, मंगळ.

आज पौर्णिमा. दादाचा दुपारी फोन. पाणी बाहेरकाठ्याच्या माथ्याला हात लावून गेलं. गाव पोती टाकतंय. उद्याची भरती याच्याहून वर, परवाची त्याहून.

मी सगळं सांगून टाकलं. उत्तर, घाई, पर्समधला कागद, सगळं.

दादा म्हणाला, "म्हणजे होडी येणार नाय."

"येईल. पाणी फिरल्यावर."

"तोवर काय करायचं आम्ही?"

मी म्हटलं, होडीची वाट बघू नका, भरतीच्या आधी सगळे चालत मोठ्या रस्त्याला जा. गावाला पण सांग. तो बरं म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

अण्णांकडे फोन लावला. ते गावांतून फिरतायत, घरी कुणी उचलत नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला.

३१ जुलै, बुध. नागोठणे स्टेशन, गाडीत.

पेन्सिलने लिहितेय, पेन गळलं.

सकाळी पाटीलवहिनींनी हाक मारली. दादा, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून. मागे माणसांचा गलका. गाव निघालं, बरेचसे रस्त्याला पोचले, वहिनी आणि पोरं त्याच्याजवळ आहेत. बाहेरकाठ्यावरून पाणी आत सांडायला लागलंय, अजून फुटला नाही.

"आणि आई?"

"घरात."

मी ओरडले बहुतेक, कारण पाटीलवहिनी दारात आल्या. दादा म्हणाला, उचलून आणायला गेलो तर चौकटीला धरून बसली. सगळ्या बायकांना सांगतेय, तुम्ही पळा, माझी होडी येणार हाय. माझ्या लेकीनं मशीनवर काढलंय.

"तिला सांग ना. भरतीत होडी येत नाही म्हणून सांग."

"सांगितलं. मी कालच सांगितलं तिला, तू बोललीस ते सगळं." दादाचा आवाज फाटला. "हसली माझ्या तोंडावर. बोलते, मंदी मला पाण्यात ठेवंल काय? तू खोटं बोलतोस. मंदीनं येऊन सांगितलं तर उठेन."

तो पुन्हा आत निघाला होता तिला आणायला. मी म्हटलं, मी येते, तिला सांग मी निघाले. म्हणाला, लवकर ये. फोन बंद झाला.

मिळाली ती गाडी पकडली. अरुणला सांगायलाही थांबले नाही, पाटीलवहिनींना म्हटलं त्याला कळवा. इथपर्यंत ठीक आली. आता तासभर उभी आहे. अंबा नदीचं पाणी पुढे रुळाच्या कडेला लागलंय, पुढच्या कासू स्टेशनापर्यंत रूळ तपासल्याशिवाय सोडणार नाहीत. गार्डला विचारलं. शेजारच्या बाईने विचारलं, माहेरी चाललीस का? हो म्हटलं.

भरती पुरती यायला अजून वेळ आहे. आई चौकट धरून बसली असेल. तिला काय सांगायचं ते मनात लावून बघतेय. आई, मी होडी ठेवली नाही. आई, ऊठ. दुसरं काही सुचत नाही.

माणसं उतरून रुळावर उभी आहेत. पुढे चालत जाता येईल का म्हणून एकाला विचारलं, तो म्हणाला पुलापर्यंत जाता येईल, पुढचं माहीत नाय. मी वही पिशवीत टाकते आणि उतरते.